कार्दामिलीत मुक्काम: ग्रीसच्या मानी किनाऱ्यावर पहिल्यांदा जाणाऱ्यांसाठी

ग्रीस म्हटलं की आपल्याकडच्या सहलींचा आराखडा ठरलेलाच असतो. अथेन्सला दोन रात्री, सांतोरिनीला दोन, मिकोनोसला दोन, आणि उरलेला वेळ फेरीबोटीच्या धक्क्यावर बॅगा राखण्यात. ज्यांना तेच हवंय त्यांनी खुशाल तसं करावं. हा लेख एकाच गावात तळ ठोकून आसपासचे किनारे सावकाश बघणाऱ्यांसाठी आहे.

गावाचं नाव कार्दामिली. नकाशात पेलोपोनीजच्या दक्षिणेकडे समुद्रात घुसलेली तीन बोटं दिसतात, त्यातलं मधलं म्हणजे मानी. त्याच्या पश्चिम अंगाला, मागे तायगेतोसचा डोंगर आणि पुढे मेसिनियाचं आखात, अशा बेचक्यात हे गाव बसलंय. दगडी घरं, एक मुख्य रस्ता, छोटासा धक्का, समोर मेरोपी नावाचं चिमुकलं बेट. गाव जुनं किती? होमरच्या ‘इलियड’मध्ये रुसून बसलेल्या अकिलीसची समजूत काढायला अगामेम्नॉन सात नगरं देऊ करतो, त्यातलं एक कार्दामिली. अकिलीस काही बधला नाही. तुम्ही मात्र जा, आणि निदान पाच रात्री राहा. दोन रात्रींसाठी एवढ्या लांब येण्यात अर्थ नाही.

1. आधी महिना ठरवा

जून किंवा सप्टेंबर. मला विचाराल तर सप्टेंबर, कारण उन्हाळाभर तापलेलं पाणी तेव्हा जूनपेक्षा बरंच कोमट असतं आणि गर्दी ओसरलेली असते. ऑगस्ट टाळा. 15 ऑगस्ट हा तिथला मेरीमातेचा मोठा सण. त्या आठवड्यात अख्खा ग्रीस आपापल्या गावी किंवा समुद्रावर असतो आणि खोल्या महिनोन् महिने आधी भरलेल्या असतात. एप्रिल-मे महिन्यांत डोंगर रानफुलांनी भरतो, पण पाणी गार. पोहण्यापेक्षा चालणं आवडणाऱ्यांनी तेव्हा जावं. नोव्हेंबरनंतर बरीच हॉटेलं आणि खानावळी बंद होतात.

वसंतातली तारीख धरताना ऑर्थोडॉक्स ईस्टर बघून घ्या. तो आपल्या कॅलेंडरवर छापलेल्या ईस्टरच्या दिवशी येतोच असं नाही. 2027 मध्ये तो 2 मे रोजी आहे. त्या दिवसांत बसच्या फेऱ्या आणि दुकानांच्या वेळा बदलतात.

2. व्हिसा आणि कागदपत्रं

ग्रीससाठी शेंगेन व्हिसा, म्हणजे बऱ्याच युरोपीय देशांचा मिळून एकच व्हिसा, लागतो. प्रवासाच्या 6 महिने आधीपासून अर्ज करता येतो आणि उशिरात उशिरा 15 दिवस आधी तो द्यावा लागतो. या 15 दिवसांवर कुणी विसंबू नये. उन्हाळ्याच्या तोंडावर अपॉइंटमेंट मिळवणं हेच खरं काम असतं, तेव्हा तिकिटाचा विचार मनात आला की लगेच तारखा बघायला लागा. फी प्रौढांना 90 युरो, 6 ते 12 वर्षांच्या मुलांना 45 युरो, त्याहून लहानांना माफ. व्हिसा केंद्राचा सेवाआकार वेगळा.

फाइलमध्ये हे ठेवा:

- पासपोर्ट: गेल्या 10 वर्षांत काढलेला, परतीच्या तारखेनंतर निदान 3 महिने वैध, दोन पानं कोरी
- भरलेला अर्ज आणि 35 × 45 मिमी मापाचे अलीकडचे फोटो
- प्रवास विमा: निदान 30,000 युरोंचं वैद्यकीय संरक्षण, पूर्ण शेंगेन क्षेत्रासाठी, सगळ्या तारखांसाठी
- जाण्यायेण्याचं विमान आरक्षण आणि प्रत्येक रात्रीच्या मुक्कामाचा पुरावा
- बँकेचा शिक्का असलेलं स्टेटमेंट, आयटी रिटर्न
- नोकरी असेल तर रजेचं पत्र आणि पगाराच्या पावत्या. धंदा असेल तर नोंदणीचे कागद. निवृत्त असाल तर पेन्शनचा कागद
- एका पानाचं पत्र: कुठल्या तारखेला कुठे आणि कशासाठी

लोक अडकतात ते बहुधा दोन गोष्टींत, विमा आणि पत्र. विम्याची तारीख विमान उतरण्याच्या दिवसापासून धरली जाते, निघण्याच्या नव्हे, आणि रात्रीचं विमान असेल तर हिशेब एका दिवसाने चुकतो. दुसरं, अथेन्सहून कालामाताला (कार्दामिलीच्या अलीकडचं शहर, तिथे बस बदलायची) जाणारी बस आधी आरक्षित नसते म्हणून आराखड्यात तो दिवस कोरा राहतो. पत्रात सरळ लिहा की त्या दिवशी बसने कार्दामिलीला जाणार. खातं ऐनवेळी फुगवू नका. अर्जाच्या आदल्या आठवड्यात आलेली मोठी रक्कम शंकाच वाढवते.

3. गाव गाठायचं कसं

मानीत रेल्वे नाही, आणि कालामातापर्यंतची जुनी गाडीही कधीच बंद पडली आहे. त्यामुळे बस किंवा मोटार.

अथेन्स विमानतळावरून एक्स 93 ही सिटीबस पकडून किफिसोस बसस्थानक गाठा. इथे पहिला सापळा. अथेन्समध्ये लांब पल्ल्याच्या बसची दोन स्थानकं आहेत, किफिसोस आणि लिओसिओन. पेलोपोनीजच्या गाड्या किफिसोसहून सुटतात. टॅक्सीवाल्याला नुसतं ‘बस स्टेशन’ सांगू नका. तिथून केटेलची बस तीनेक तासांत कालामाताला सोडते. केटेल म्हणजे जिल्हावार बस मंडळं. आपल्या एसटीसारखं एकच महामंडळ नसल्यामुळे वेळापत्रकंही जिल्ह्याजिल्ह्याची वेगळी. तुम्हाला लागेल ते मेसिनियाचं.

कालामाताच्या त्याच स्थानकावरून कार्दामिली, स्तूपा, आयिओस निकोलाओस अशी स्थानिक बस जाते. अंतर पस्तीसेक किलोमीटर, पण घाट असल्याने तासभर धरा. दिवसाला मोजक्याच फेऱ्या, शनिवार-रविवारी त्याहून कमी. शेवटची बस चुकली तर टॅक्सी किंवा कालामाताला मुक्काम, तिसरा पर्याय नाही. म्हणून आधी ही छोटी बस ठरवा आणि तिच्यावरून मागे हिशेब करत अथेन्सची बस निवडा. बहुतेक जण उलटं करतात.

युरोपात राहणाऱ्यांना आणखी एक वाट आहे. कालामाताच्या विमानतळावर उन्हाळ्यात ब्रिटन, जर्मनी वगैरे ठिकाणांहून थेट विमानं येतात.

4. मोटार: हवी, पण सगळे दिवस नको

गावात, जवळच्या किनाऱ्यांवर आणि डोंगरवाटांवर पाय पुरतात. स्तूपाला बस आहे. मोटार लागते ती दक्षिणेकडच्या मानीसाठी. दोन-तीन दिवसांपुरती घ्या, म्हणजे भाडंही वाचेल आणि अरुंद रस्त्यावर रोज पार्किंग शोधण्याचा ताप नाही.

भारतीय लायसन्सबरोबर आंतरराष्ट्रीय परवाना लागतो. तो परिवहन पोर्टलवर अर्ज करून आपल्या आरटीओकडून मिळतो, 1,000 रुपयांत, एक वर्षासाठी. मूळ लायसन्सही बरोबर हवंच. गाडी रस्त्याच्या उजव्या बाजूने चालवायची असते, आणि आपल्या घाटांत मुरलेला चालकसुद्धा पहिल्या दिवशी डावीकडून वळायला जातो. शेजारी बसलेल्याने प्रत्येक वळणावर ‘उजवीकडे’ म्हणत राहावं, लाज वाटू देऊ नये.

गाडी घेताना तीन गोष्टी विचारून घ्या. ऑटोमॅटिक आहे का (नसतातच फारशा, आधी सांगावं लागतं). अनामत चालकाच्या नावाच्या क्रेडिट कार्डवरच लागेल का (बहुधा हो, डेबिट कार्ड दाखवून काउंटरवर वाद घालून उपयोग होत नाही). आणि विम्यात टायर, काच, गाडीचा तळ येतो का. मानीतल्या कित्येक किनाऱ्यांकडे जाणारा शेवटचा पट्टा खडीचा असतो आणि ‘पूर्ण विमा’ म्हणून विकलेल्या कागदात नेमका तळ वगळलेला असतो. गाडी ताब्यात घेतानाच चारही बाजूंनी व्हिडिओ काढा.

5. खोली

गावातच घ्या. नकाशावर ‘कार्दामिलीपासून 4 किमी’ दिसणारी सुंदर घरं डोंगरात वर असतात, आणि ते 4 किमी म्हणजे नुसती नागमोडी वळणं.

दर ठरवताना एक सरकारी कर वेगळा धरा. तो आरक्षणाच्या रकमेत बहुधा नसतो, हॉटेलात गेल्यावर द्यावा लागतो. एप्रिल ते ऑक्टोबर या काळात एका खोलीला एका रात्रीसाठी 1 व 2 तारांकित हॉटेलात 2 युरो, 3 तारांकितला 5, 4 तारांकितला 10, 5 तारांकितला 15. माणशी नाही, खोलीमागे. आठवडाभर राहणाऱ्या कुटुंबाला दोन खोल्यांचा हा आकडा बऱ्यापैकी टोचतो.

दुपारी साधारण तीन ते साडेपाच ही तिथली वामकुक्षीची वेळ. त्या वेळात आवाज न करण्याचा नियमच आहे. दुकानं बंद, रस्ते ओस. पुणेकरांना हे वेगळं समजावून सांगायला नको.

6. किनारे

कोकणातून किंवा गोव्यातून जाणाऱ्याने दोन सवयी घरी ठेवाव्यात. एक म्हणजे भरती-ओहोटीचं वेळापत्रक. भूमध्य समुद्रात भरती जेमतेम वीतभर चढते, त्यामुळे सकाळी टॉवेल जिथे टाकाल तिथे तो संध्याकाळीही कोरडाच. दुसरी सवय उथळ पाण्याची. आपल्याकडे लांबवर चालत गेलं तरी पाणी कमरेला. इथे गोट्यांच्या किनाऱ्यावर चार पावलांत पायाखालची जमीन जाते. पाणी इतकं नितळ असतं की तळ हाताशी वाटतो आणि असतो दोन पुरुष खोल. पोहता न येणाऱ्यांनी आणि लहान मुलांनी वाळूचे किनारे धरावेत. छोट्या किनाऱ्यांवर जीवरक्षक नसतो.

*रित्सा.* गावाच्या उत्तरेला, पायी दहा-पंधरा मिनिटं. लांबलचक, पांढऱ्या गोट्यांचा, मुठीएवढ्या. पाण्यात घालायचे रबरी बूट हवेतच. मागे ऑलिव्हची झाडं, आणि लाट परतताना गोटे एकमेकांवर घरंगळत खळाळतात तो आवाज तासन्‌तास ऐकावा. तायगेतोस पूर्वेला असल्यामुळे ऊन उशिरा येतं. सकाळी लवकर गेलात तर अर्धा किनारा डोंगराच्या सावलीत असतो आणि पाणी तेलासारखं स्थिर. दुपारनंतर वारा उठतो. पोहायचं ते सकाळी. सूर्यास्त बघायला पुन्हा या, तो समोर आखातापलीकडे होतो.

*कालामित्सी.* दक्षिणेला, अर्ध्या तासाची चाल. लहान, शांत, सुरूच्या झाडांनी वेढलेलं. इंग्रज लेखक पॅट्रिक ली फर्मर याचं घर इथेच आहे. दुसऱ्या महायुद्धात क्रीट बेटावरून जर्मन जनरलला पळवून नेणाऱ्यांपैकी तो एक. पुढे त्याने इथे घर बांधलं, 2011 मध्ये तो गेला, आणि घर अथेन्सच्या बेनाकी म्युझियमला मिळालं. बघता येतं, पण आधी नोंदणी करूनच. दाराशी जाऊन विनवण्या करण्यात वेळ घालवू नका.

*फोनेआस.* स्तूपाच्या वाटेवर, दोन कड्यांच्या मधली पांढऱ्या गोट्यांची खोबण, पाण्यात उभा एक मोठा खडक. फोटोत सगळ्यात देखणा हाच. जागा मात्र एवढीशी, आणि गाड्या रस्त्याकडेला लावाव्या लागतात. जुलै-ऑगस्टमध्ये अकरानंतर जाणं म्हणजे फक्त पार्किंगसाठी घिरट्या. पोहता येणाऱ्यांनीच उतरावं.

*स्तूपा आणि कालोग्रिया.* कुटुंबासाठी हेच. बारीक वाळू, हळूहळू खोल होणारं पाणी, खाण्यापिण्याची सोय. इथली गंमत पाण्याखाली आहे. तायगेतोसवर मुरलेलं पावसाचं पाणी समुद्राच्या तळातून झऱ्यांनी वर येतं. कोमट पाण्यात पोहता पोहता अचानक पोटाला बर्फासारखा प्रवाह लागतो, आणि त्या जागी पाणी साखर विरघळताना दिसते तसं धूसर होतं. 1917 मध्ये निकोस कझान्तझाकिस हा लेखक आणि योर्गोस झोर्बास नावाचा त्याचा मुकादम याच परिसरात लिग्नाइटची खाण चालवत होते. खाण बुडाली, पण कझान्तझाकिसच्या ‘झोर्बा द ग्रीक’ या कादंबरीमुळे झोर्बास जगप्रसिद्ध झाला.

*आयिओस निकोलाओस.* स्तूपाच्या पुढे तीनेक किलोमीटर. पोहण्यापेक्षा बसण्याचं ठिकाण. अर्धवर्तुळाकार धक्का, जाळी विंचरणारे कोळी, पाण्याला लागून टेबलं. वेळ असेल तर रस्ता संपेपर्यंत त्राखिलाला जा. पुढे काहीच नाही, हेच तिथलं आकर्षण.

छत्री-खुर्च्यांबद्दल: 2024 च्या कायद्याने प्रत्येक किनाऱ्याचा किमान निम्मा भाग मोकळा ठेवणं बंधनकारक आहे, आणि पाण्याच्या काठापासून 4 मीटर जागा सोडावी लागते. तुम्ही स्वतःचा टॉवेल मोकळ्या जागेत टाकू शकता, कुणी उठवू शकत नाही. खुर्चीवर बसण्याआधी भाव विचारा. काही ठिकाणी कॉफी घेतली की खुर्ची फुकट, काही ठिकाणी दोन्हींचे पैसे.

आणि खडकांवर काळे काटेरी समुद्री साळिंदर असतात. ते असणं म्हणजे पाणी स्वच्छ, पण पाय पडला की आठवडा वाया. काटा रुतला तर स्वतः कोरत बसू नका, हिरव्या क्रॉसची पाटी असलेल्या औषधवाल्याकडे जा.

7. पायी: जुनी कार्दामिली आणि विरोसची घळ

मुख्य रस्त्यापासून पाच-दहा मिनिटांवर जुन्या गढीचा पुंजका आहे. मूर्त्सिनोस घराण्याचा बुरूज आणि आयिओस स्पिरिदोनचं चर्च, त्याचा उंच कोरीव घंटामनोरा. मानीतली घराणी पिढ्यान्‌पिढ्या एकमेकांशी वैरं करत जगली, म्हणून घर म्हणजे बुरूजच. 1821 च्या जानेवारीत कोलोकोत्रोनिस हा सेनानी याच ठिकाणी मूर्त्सिनोसकडे येऊन राहिला आणि मार्चमध्ये तुर्कांविरुद्धचं बंड पेटलं.

इथूनच जुनी फरसबंदी पाऊलवाट आयिया सोफिया या वरच्या वस्तीकडे चढते. तासाभराची चढण, वर पोचल्यावर अख्खं आखात पायाशी. खाली उतरताना पेत्रोवूनीमार्गे आलात तर फेरी पूर्ण होते. विरोसची घळ वेगळी. उन्हाळ्यात नदी कोरडी, पात्र पांढऱ्या गोट्यांनी भरलेलं, आणि ते गोटे पायाखाली फिरतात. सह्याद्रीत ओढ्यातून चाललेल्यांना सवय असेल, तरी घोटा धरणारे बूट घाला. सावली असली तरी पाणी मिळत नाही. माणशी दीड-दोन लिटर न्या. सकाळी आठच्या आत निघा. पावसाचं लक्षण असेल तर पात्रात उतरूच नका.

8. दक्षिणेकडे, मोटारीने

आरेओपोली सव्वा-दीड तासावर. 17 मार्च 1821 रोजी पेत्रोबे मावरोमिखालिसच्या नेतृत्वाखाली मानीच्या लोकांनी इथे बंडाचं निशाण उभारलं. चौकात त्याचा पुतळा आहे. खालचं लिमेनी म्हणजे पाचूसारख्या पाण्याच्या काठावरचे दगडी बुरूज. वाळू नाही, पायऱ्यांवरून थेट पाण्यात.

पुढे दिरोसच्या गुहा. बोटीतून साधारण अर्धा तास, डोक्यावर लवणस्तंभ, मग थोडं पायी. आत वाकावं लागतं, बंद जागेची भीती असणाऱ्यांनी विचार करावा. उन्हाळ्यात रांग लागते, म्हणून आधी गुहा आणि मग आरेओपोलीत जेवण असा क्रम ठेवा.

वाथिया हे टेकडीवरचं जवळपास ओस पडलेलं बुरुजांचं गाव, आणि शेवटी तेनारो. ग्रीसच्या मुख्य भूमीचं दक्षिण टोक. गाडी सोडल्यावर दीपगृहापर्यंत पाऊण तास चाल, वाटेत उघड्यावर रोमन काळातलं मोझेक. पाताळाचं दार इथेच, अशी जुनी समजूत. दुपारी बाराला हे चालू नका, सावलीचं एक झाड नाही.

हे सगळं एका दिवसात करता येतं असं सांगणारे भेटतील. करता येतं, पण गाडीच्या काचेतून. दोन दिवस करा, किंवा तेनारो सोडा.

9. जेवण

शाकाहारी माणूस इथे सुखात राहतो. फावा म्हणजे पिवळ्या डाळीचं घट्ट वरणच, वर कांदा आणि ऑलिव्ह तेल. यिगांतेस हे मोठ्या पांढऱ्या घेवड्याचं, टोमॅटोत भाजलेलं. ब्रियाम ही मिश्र भाजी. होर्ता म्हणजे उकडलेल्या रानभाज्या, लिंबू पिळून. ‘निस्तीसिमो’ म्हणजे उपासाचं हे सांगितलं की मांस, दूध, अंडं गाळलं जातं. पण सावध: त्यांच्या उपासाला माकूल आणि ऑक्टोपस चालतात! येमिस्ता, म्हणजे भरलेले टोमॅटो-मिरच्या, यांत कधी कधी खिमा असतो, विचारून घ्या.

मासे खाणाऱ्यांसाठी: ताज्या माशाचा दर किलोवर असतो. मासा निवडा, तुमच्यासमोर वजन करायला सांगा, मगच ‘हो’ म्हणा. गोठवलेला मासा मेनूत तसा दाखवावा लागतो, बहुधा नावापुढे तारा असतो. मानीची खासियत म्हणजे धुरी दिलेलं डुकराचं मांस, सिग्लिनो, आणि स्फेला हे खारट चीज. न मागता आलेल्या पावाचे पैसे बिलात लागतात, ती फसवणूक नाही. जेवणाला नऊशिवाय रंग चढत नाही. सातला गेलात तर खानावळीत फक्त तुम्ही आणि मांजरं.

10. उरलेलं, थोडक्यात

- टॉयलेट पेपर कमोडमध्ये टाकायचा नाही, शेजारच्या डब्यात. जुन्या नळ्या अरुंद असतात.
- एटीएम ‘रुपयांत रूपांतर करू का’ विचारतं. नाही म्हणा, युरोतच काढा. बस आणि छोट्या दुकानांसाठी सुटे युरो जवळ असू द्या.
- कोणत्याही संकटात 112. वणव्याचा इशाराही फोनवर याच नावाने येतो. आला तर सामान न आवरता सांगितलेल्या दिशेने निघा.
- चर्चमध्ये खांदे-गुडघे झाकलेले हवेत. पोहण्याच्या कपड्यांत गावातून फिरू नका, कुणी बोलत नाही पण आवडत नाही.
- ऑलिव्ह तेल पत्र्याच्या डब्यातलं घ्या, काचेचं नको, आणि मोठ्या बॅगेत ठेवा. हातातल्या बॅगेतून सुरक्षा तपासणीवर काढून घेतील.
- परतीच्या दिवशी कार्दामिलीहून सकाळची पहिली बस धरा. रात्रीचं विमान असलं तरी दुपारच्या बसवर विसंबू नका. कालामाताची जोडबस चुकली की अथेन्स लांब पडतं.